सुंदरीची तहान

बोरीच्या व्यंकटरावांना घर कसं लख्ख लागायचं. त्यामुळे त्यांची कुत्री सुंदरी ओसरीवरच मुतू लागली, तेव्हा त्यांचा पारा चढला. इतक्या वर्षांत तिनं घरात कधी घाण केली नव्हती. आता मात्र भांडंभर पाणी एका दमात संपवायची, पुन्हा मागायची आणि बाहेर जाईपर्यंतही तिला धीर निघायचा नाही.

"लय पाणी प्यायलीय, म्हणून असं करायलीय," ते पत्नीला म्हणाले. "पाणीच बंद करतो. बघ कशी सुधारती."

"अवो, मुकं जनावर हाय ते," लीलाताई म्हणाल्या. पण व्यंकटरावांनी भांडं उचलून फळीवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लीलाताईंनी त्यांना हाताला धरून परसात नेलं. सुंदरी रांजणाला टेकून उभी होती आणि बाहेर पाझरलेला ओलावा चाटत होती. पोट फुगलेलं, पाय लटपटत होते. मालकाला पाहून तिनं शेपूट हलवली आणि तिथंच कोसळली.

व्यंकटरावांनी धावत जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी तिला पाणी पाजलं आणि गाडी करून तडक परभणीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तपासणी करून डॉक्टर राजेश्री म्हणाल्या, "काका, ही खोडी नव्हती. माजावर येऊन गेल्यावर हिच्या गर्भपिशवीत पू झालाय. त्याचं विष रक्तात भिनलं की मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, सगळं वाहून जातं. ते भरून काढायला ती पीत होती. त्या पाण्यावरच ती तगून होती."

"अन् मी तेच तोडलं," व्यंकटराव पुटपुटले.

सलाईन देऊन त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. काढलेली पिशवी डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवली. पुवानं तट्ट फुगलेली, मनगटाएवढी जाड. व्यंकटराव पाहतच राहिले. एवढं विष पोटात घेऊन ही आपल्या दारात राखण करत होती! कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही, तरी त्या मुक्या देहाला जगायला काय लागतं ते नेमकं ठाऊक होतं. त्यांचे हात नकळत जोडले गेले.

सुंदरी वाचली.

पुढे एकदा शेजारच्या चांगुणाबाई कुरकुरल्या, "आमचं मांजर सारखं बादलीत तोंड घालायलंय. हाकलून थकले बघा."

"हाकलू नका, बाई. पाणी पिऊ द्या अन् आधी दवाखान्यात न्या," व्यंकटराव म्हणाले आणि स्वतः सोबत गेले. मांजराला साखरेचा आजार निघाला. वेळेवर कळलं म्हणून उपचार सुरू झाले.

वाचकहो, आपल्या दारचं कुत्रं, घरातलं मांजर अचानक जास्त पाणी पिऊ लागलं, तर ती खोड समजून त्याच्यावर रागावू नका, आणि पाणी तर मुळीच तोडू नका. बोलता न येणाऱ्या जिवानं मारलेली ती हाक आहे. ती ऐकणं हे आपलं काम.