पाटीवरचा पहिला शब्द

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, मित्रांनो. पण माझ्यावर कुणी मुळाक्षरे गिरवली नाहीत. मी दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी लटकत असे. माझ्या डोक्यावरच्या चिमट्यात रोग्याचा कागद असे. ताप किती, नाडी किती, औषध कोणते, आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरांत रोगाचे नाव.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. कारागिराने मला कापले, कुणाचे बोट चिरू नये म्हणून माझ्या कडा ठोकून बोथट केल्या, दणकट चिमटा बसवला आणि पांढऱ्या रंगाने नऊचा आकडा काढला. नऊ नंबरची खाट हेच माझे घर झाले. वाचायला मला येत नव्हते. डॉक्टर कागद मोठ्याने वाचत, ते ऐकून ऐकून मी अक्षरे ओळखायला शिकले. वॉर्डच्या सिस्टर म्हणत, "नऊची पाटी गुणाची. कागद कधी सांडत नाही." मी फुशारून जाई.

त्या वॉर्डची एक रीत होती. फेरीला आलेला डॉक्टर आधी मला उचले आणि मग रोग्याकडे पाही. माझ्यावर पहिल्याने जो शब्द लिहिला जाई, तोच पुढचे सगळे उचलत. मला वाटे, रोगी काय, काहीही बडबडतो. खरे ते माझ्यावर लिहिलेले.

एका थंडीत पुस्तके बांधणारे एक गृहस्थ आले. सगळे त्यांना बाइंडरकाका म्हणू लागले. डोके फुटायची वेळ आली होती, मळमळत होते, उभे राहिले की भोवळ येत होती.

"काम काय करता?" मोठ्या डॉक्टरांनी विचारले.

"पुस्तकं शिवतो, साहेब. वाचत मात्र नाही."

"बारीक टाके, वाकलेली मान. अर्धशिशी!" डॉक्टर म्हणाले आणि तो शब्द माझ्यावर चढला. गोळी सुरू झाली. दोन दिवसांत काका ठणठणीत. "बघा, गोळी लागू पडली," डॉक्टर म्हणाले, आणि काका घरी गेले.

पंधरा दिवसांनी काका पुन्हा त्याच खाटेवर! त्या दिवशीच्या डॉक्टरांनी जुना कागद काढला आणि वरचा शब्द जसाच्या तसा उतरवला. काका पुन्हा दोन दिवसांत बरे, पुन्हा घरी. तिसऱ्यांदा आले तेव्हा कुणी शब्दाकडे पाहिलेही नाही. फक्त गोळी दुप्पट केली.

आठ नंबरच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन होते. भारी मिश्कील माणूस! ते म्हणाले, "काका, गोळीबिळी काही नाही. घरापासून लांब आलात की तुम्ही बरे होता. हा वहिनींचा आजार आहे!"

सगळा वॉर्ड हसला. काकू शेजारी स्टुलावर कपाळ दाबत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हसा, हसा! यांच्यापायी माझंही डोकं उठलंय चार दिवस. त्याचं कोण विचारतंय?"

पुन्हा हशा झाला. काकू लगबगीने उठल्या. "शाळेच्या वह्या आजच द्यायच्यात. नातीला शेजाऱ्यांकडे बसवून आलेय, तिला घेऊन दुकानात बसते," असे म्हणून त्या गेल्या.

तासाभराने एक नव्या डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. त्यांनी रीतीप्रमाणे मला उचलले, लांब धरले, जवळ धरले, आणि कपाळाला हात लावला. त्या दिवशी त्या चष्मा घरी विसरल्या होत्या! त्यांनी मला पांघरुणावर पालथे घातले आणि म्हणाल्या, "काका, आज मला काही दिसत नाही. तुम्हीच सांगा पहिल्यापासून."

मला फार अपमान वाटला. आजवर मला कुणी पालथे घातले नव्हते.

"डोकं कधी धरतं?"

"सकाळी कामाला बसलो की तासाभरात. सुट्टीच्या दिवशी नाही."

"खोलीत काय काय असतं?"

"कागद, पुठ्ठे, दोरा. कोळशाच्या शेगडीवर सरसाचं भांडं. पुठ्ठे चिकटवायला सरस गरम लागतो ना."

"आणि खिडक्या?"

"थंडीत बंदच. वाऱ्यानं कागद उडतात."

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. "घरात आणखी कुणाचं डोकं दुखतं?"

"बायकोचं. माझ्यामुळे दुखतं म्हणते."

"त्या आत्ता कुठे आहेत?"

"दुकानात. नात आहे सोबत." काका ताडकन उठून बसले. त्यांचा चेहरा उतरला. "बाई, शेगडी पेटवली असेल हो तिनं!"

कोळशाच्या धुराबरोबर एक विषारी वायू निघतो, मित्रांनो. त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत तो साठतो आणि माणसाला कळायच्या आत गुंगी आणतो. दवाखान्याच्या मोकळ्या हवेत तो काकांच्या अंगातून निघून जाई, आणि श्रेय गोळीला मिळे. पोस्टमन थट्टेत अर्धे खरे बोलून गेले होते, पण थट्टा माझ्यावर कोण लिहिणार?

दुकानात फोन नव्हता. काकांनी पत्ता सांगितला आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर गाडी घेऊन सुटला. काका उशाशी बसून दाराकडे पाहत राहिले. पोस्टमन भिंतीकडे तोंड करून पडले.

अर्ध्या तासाने गाडी आली. काकू दुकानाच्या उंबऱ्यावर ओकत बसलेल्या सापडल्या होत्या, आणि नात कागदांच्या गठ्ठ्यावर निपचित. दोघींच्या तोंडावर प्राणवायूचे मुखवटे चढले. संध्याकाळी पोरीने डोळे उघडले आणि पहिले विचारले, "वह्या दिल्या का?" काका हसता हसता रडले.

काकूंच्या रक्तात तो वायू सापडला. मोठे डॉक्टर माझ्याजवळ आले. त्यांनी 'अर्धशिशी' हा शब्द पुष्कळ वेळ पाहिला आणि आडवी रेघ मारली. "मी एकच प्रश्न विचारला होता," ते बाईंना म्हणाले. "उत्तर आवडलं, म्हणून दुसरा विचारलाच नाही."

"साहेब, चष्मा असता तर मीही नसता विचारला," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून वॉर्डची रीत बदलली. आधी रोगी, मग पाटी. मी रोज पालथी पडू लागले, आणि पालथी पडल्या पडल्या माणसांचे बोलणे ऐकायला शिकले. केवढे काय काय सांगत असतात माणसे!

आता वॉर्डात संगणकाचे पडदे आले आहेत. बोट लावले की कागद दिसतो. मी कोठीच्या फळीवर पडून आहे, चिमटा गंजला आहे. त्याचे मला दुःख नाही. पण त्या पडद्यांवरही पहिला शब्द ठळकच असतो म्हणे, म्हणून जीव घाबरा होतो.

मित्रांनो, तुम्ही डॉक्टर व्हा किंवा आणखी कुणी. वर्गातल्या एखाद्यावर तुम्हीही शब्द लिहिता, 'मठ्ठ', 'रडका', 'आळशी'. लिहिण्याआधी त्याच्याजवळ घटकाभर बसा. घरी कसे आहे, ते विचारा. उत्तर मिळाले तरी आणखी एक प्रश्न विचारा. आणि लिहायचेच झाले, तर खोडता येईल असे लिहा.