चार बोटे डाळ आणि खाली थर्माकोल

मी एक जुने पोते आहे. तागाचे. माझी वीण अजून घट्ट आहे. दोन भोके तेवढी आहेत, ती उंदरांची मेहरबानी.

मित्रांनो, मी बरेच फिरलेले पोते आहे. बंगालमधल्या गिरणीतून मला कोरे असतानाच जहाजाने आफ्रिकेत धाडले. तिथे माझ्यात तूर भरली, पाठीवर टांझानियाचा निळा शिक्का मारला आणि पुन्हा जहाजात चढवले. दोन्ही वेळा मला बोट लागली. शेवटी जुन्या जालन्यात एका ठोक व्यापाऱ्याकडे उतरले आणि जीव भांड्यात पडला. तिथे गिऱ्हाईक बाही सारून कोपरापर्यंत हात घालायचे आणि तळातले दाणे काढून बघायचे. वरच्या दाण्यांवर कोणाचाच भरवसा नसे. मला फार गुदगुल्या व्हायच्या.

एके दिवशी एका मोठ्या चकचकीत दुकानाचे मॅनेजर कल्याणराव आले. माझ्यातली आणि माझ्या भावंडांतली तूर त्यांनी भरडून घेतली आणि आपल्या दुकानाच्या नावाच्या पाकिटांत भरली. मला मात्र शोभेसाठी नेले. शिक्का दिसू नये म्हणून मला आतली बाजू बाहेर काढून उलटे केले, पोटात थर्माकोल कोंबला आणि वर चार बोटे डाळ पसरली. डोक्यावर पाटी लावली: 'केदारखेड्याच्या शिवारातून. फक्त चाळीस किलोमीटर. गाड्यांचा धूर कमी, प्लास्टिक नाही.' पाकिटे प्लास्टिकचीच होती, पण त्यांवर हिरवे पान छापले होते.

पानाशेजारी सगुणाबाई नावाच्या शेतकरी बाईंचा हसरा फोटो होता. तो केदारखेड्यात झाडे लावताना काढलेला. या बाई दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीपाशी घरच्या तुरीची डाळ विकतात. या दुकानाला त्यांनी कधी चिमूटभरही डाळ दिली नव्हती. दुकानातल्या पोरांच्या बोलण्यातून हे सगळे मला कळले होते, तरी मी गप्प राहिले. लाज वाटायची, पण एसीची सवयही लागली होती.

एका सकाळी सगुणाबाई स्वतःच दुकानात आल्या. सोबत त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाईक प्रभावती मॅडम होत्या. मॅडम शाळेत शिकवतात.

"साहेब, ह्या डाळीवर माझा फोटो हाय," सगुणाबाई म्हणाल्या. "आन् ही डाळ शिजून न्हाई राह्यली. राजूरला लोकं मला बोलून राह्यले. चतुर्थीला माझी डाळ कोणी घेतली न्हाई. वीस वर्षांचं नाव हाय माझं."

"खोटं कशाला सांगू, चार शिट्ट्या झाल्या तरी ती तशीच होती. मीही तुम्हालाच बोलले," मॅडम म्हणाल्या.

"मावशी, फोटो नुसता नमुन्याला आहे," कल्याणराव म्हणाले. "माल बिलकुल तुमच्याच भागातला. हे पोतंच बघा ना."

सांगायला नको होते. सगुणाबाईंनी बाही सारली आणि जन्माच्या सवयीने माझ्यात कोपरापर्यंत हात घातला. किती महिन्यांनी! मला हसू आवरेना. हात वर आला तेव्हा मुठीत थर्माकोल होता.

त्यांनी मला रिकामे केले आणि झटकून सुलटे केले. मॅडमनी शिक्का मोठ्याने वाचला.

"सगुणाबाई, तुमचं शेत टांझानियात आहे?"

"न्हाई बाई. तेवढ्या लांब निंदायला कोण जाईल?"

दुकानातली गिऱ्हाईके हसली. मग एकेकाने टोपलीतली पाकिटे परत ठेवली. कल्याणरावांनी पाटी उतरवली आणि फोटोची पाकिटे संध्याकाळपर्यंत काढतो, असे लिहून दिले. ती चिठ्ठी सगुणाबाईंनी मॅडमकडून दोनदा वाचून घेतली. निघताना म्हणाल्या, "हे पोतं मी नेते. तुमच्या कामाचं न्हाई राह्यलं."

आता माझ्या भोकांना ठिगळे आहेत. पुढच्या चतुर्थीला मी राजूरला बसले, शिक्का लोकांकडे करून; आता लपवण्यासारखे काही नव्हते. माझ्यात केदारखेड्याची डाळ तळापर्यंत भरली होती. पहिला हात प्रभावती मॅडमनी घातला, खालची डाळ बघितली आणि दोन किलो घेतली. त्यांच्यामागे रांग लागली. मला फार बरे वाटले.

मित्रांनो, जुने पोते फेकू नका, ठिगळ लावा. आणि डाळ घेताना पाटी वाचून थांबू नका, खालपर्यंत हात घाला. मला गुदगुल्या होतील. होऊ द्या.