चौदा मीटर

डेपोत त्याला सगळे थंडोबा म्हणत, आणि तेही कौतुकानं. एक दिवस सोडला तर बत्तीस वर्षांत त्याच्या बसमध्ये उभ्या माणसाचा कधी तोल गेला नव्हता. करकचून ब्रेक दाबला की प्रवासी एकमेकांवर कोसळतात, मग तक्रार येते, मग साहेबांपुढे मान खाली घालून उभं राहावं लागतं. म्हणून जुने ड्रायव्हर आधी हॉर्न दाबत आणि समोरचा हललाच नाही तर ब्रेककडे वळत. ही खोड थंडोबाच्या हाडीमाशी खिळली होती.

आता तो बस चालवत नसे, नव्या भरतीला शिकवत असे. घराबाहेर पडायची त्याला भीती वाटते, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. रस्त्यावर पाऊल टाकलं की समोर ती उभी असे. सात वर्षांची, पिवळा फ्रॉक, पाठीवर दप्तर, मान त्याच्याकडे वळलेली. तो पुढे सरकला की तीही तेवढीच मागे सरके. एकदा ती उभी दिसली त्या जागेची खूण धरून त्यानं खुळ्यासारखं टेप लावून मोजलं, तर अंतर चौदा मीटर भरलं. घरात ती कधी आली नाही, कारण दारापासून मागच्या भिंतीपर्यंत घर जेमतेम नऊ मीटर होतं. "अगदी घरकोंबडे झालात तुम्ही," बायको म्हणे, आणि तो हसून वेळ मारून नेई.

त्या दिवशी सकाळी वर्गात अपघातांची मोजमापं घेणारे साहेब आले. त्यांनी फळ्यावर एक लांब रेघ ओढली.

"ताशी पन्नासच्या वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात चौदा मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद लागतो, तेवढे चौदा मीटर गाडी त्याच वेगानं पळते. त्याचा रस्त्यावर काही माग राहत नाही. मग ब्रेक लागतो आणि टायर रस्त्याला घासत गाडीला आवरतात. त्यात आणखी एकोणीस मीटर जातात. एकूण तेहतीस."

मग त्यांनी नऊ वर्षांपूर्वीचं एक प्रकरण उदाहरणाला घेतलं. ते कुणाचं, हे ठाऊक असूनही त्यांनी भल्या माणसासारखं मागच्या बाकावर बसलेल्या थंडोबाकडे पाहिलं नाही.

"रस्त्यावर टायरचे काळे पट्टे एकोणीस मीटरचे होते. मुलगी दिसली तेव्हा तीस मीटरवर होती, असा ड्रायव्हरचा जबाब आहे. लागणार तेहतीस आणि हातात तीस. प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला असता तरी ती बस वेळेत थांबली नसती. आईनं पलीकडून हाक मारली आणि पोर रस्त्यात धावली, एवढंच. ती बाई दर वर्षी माझ्या कचेरीत येते. विचारते, मी हाक मारली नसती तर? मी तिला हाच हिशेब दाखवतो. दुसरं काय करणार?"

आपण जबाबात खोटं बोललो ते नोकरीसाठी, हे थंडोबाला ठाऊक होतं. त्या खोट्याचं ओझं दुसरंच कुणी वाहतंय, हे त्याच्या नऊ वर्षांत मनातही आलं नव्हतं. माणूस आपल्याच दुःखाला कुरवाळत बसला की असा आंधळा होतो.

दुपारी तो निघाला. त्या मुलीच्या आईचं शिवणकामाचं दुकान अपघात झाला त्याच रस्त्यावर होतं, आणि मुलगी वाटभर पुढे होती. दुकानात शिरताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

बाईंनी त्याला लगेच ओळखलं. मशीनचं चाक हातानं थांबवलं, पण उठल्या नाहीत.

"ताई, ती मला तीस मीटरवर दिसली नव्हती," तो म्हणाला. बसायचंही त्याला सुचलं नाही. "चव्वेचाळीसवर दिसली होती. मी आधी हॉर्न वाजवला. एक सेकंदभर नुसता हॉर्न. तो ऐकून ती जागच्या जागी थिजली. ब्रेककडे पाय नंतर गेला. तोच आधी गेला असता, तर गाडी तिच्या अकरा मीटर अलीकडे थांबली असती."

बाईंनी हातातलं कापड मशीनवरून काढून बाजूला ठेवलं.

"हॉर्न आधी वाजला," त्या म्हणाल्या. "मी तेव्हाच सांगितलं होतं. ते साहेब म्हणाले, बाई, अशा वेळी माणसाला काही नीट उमगत नाही. पुढे मलाच वाटायला लागलं, की आपण दोष टाळायला हे मनानं रचलंय."

"तुम्ही रचलं नव्हतं."

"आमच्या यांनी मला एका शब्दानं कधी टोचलं नाही. चौकशीचा कागद आला तो वाचला, घडी करून कपाटात ठेवला, बस्स. पण त्या दिवसापासून मी घरात हाक मारली की हे दचकतात. म्हणून मी हाक मारणंच सोडलं. काही हवं असलं तर उठून जवळ जाते."

थंडोबाचे डोळे भरून आले. त्यानं हात जोडले.

"ताई, मला माफ..."

"ते नंतर बघू," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो हक्काचा होता. "काका, तुम्ही एकदा सांगून मोकळे व्हायला आलात. तसं नाही होणार. बसा त्या स्टुलावर."

मग त्या आतल्या दाराकडे वळल्या, एक क्षण नुसतेच ओठ हलले, आणि त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "अहो!"

आत भांडं पडलं. नवरा ओल्या हातांनी धावत दारात आला, चेहरा पांढराफटक. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या माणसाकडे.

"हे काय म्हणतात ते ऐका," बाई म्हणाल्या आणि थंडोबाकडे वळल्या. "सांगा यांना. पहिल्यापासून सांगा."