गाडी कोण चालवत होतं?

“गाडी कोण चालवत होतं?”

दारातल्या अधिकाऱ्यानं असल्या बातम्या घेऊन बऱ्याच घरांच्या बेल वाजवल्या होत्या. माणसं रडली होती, कोसळली होती. एका आजीनं तर त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. पण मुलगा युद्धात गेला म्हटल्यावर बापानं हे विचारावं, असं पहिल्यांदाच होत होतं.

“तुमचाच मुलगा,” तो चाचरत म्हणाला.

“मागं कुणी होतं?”

“सात जण. इस्पितळात आहेत. याहून जास्त मलाही माहीत नाही.”

बाप दाराला धरून खाली बसला. अधिकाऱ्याला हायसं वाटलं. हे त्याच्या ओळखीचं होतं.

तरुणपणी बायकोला घेऊन बाप या परक्या देशात आला, तेव्हापासून शहराची बस चालवत होता. आजवर एक ओरखडा नाही. यात कौशल्य कमी आणि भीती जास्त. इथल्या माणसानं गाडी ठोकली तर एका माणसानं ठोकली. आपल्यातल्यानं ठोकली तर ‘त्या लोकांनी’ ठोकली, असं त्याचं साधं गणित होतं. आणि अशा माणसाच्या पोटी धडक्या जन्माला आला.

हे नाव घरचंच. पोरगं उघड्या दाराला आपटायचं. बंद दाराला कुणीही आपटेल. बापानं गाडी शिकवायला मोकळ्या मैदानात नेलं, तिथं एकच खांब होता. धडक्यानं तो शोधून काढला. परवान्याच्या परीक्षेत त्यानं साहेबांचीच गाडी ठोकली, तीही परीक्षा संपल्यावर, साहेबांना टाटा करताना.

मग युद्ध सुरू झालं आणि लष्करानं त्याच्या हातात ट्रक दिला.

“तुला? ट्रक?” बाप म्हणाला.

“बाबा, तिकडं रस्तेच नाहीत. ठोकायला काय असणार?”

“रणगाडे असतात.”

“मग ते होतील ना बाजूला.”

आईला शत्रूची धास्ती होतीच. पण त्या दिवसापासून तिला आपल्या बाजूच्या पोरांचीही काळजी वाटायला लागली.

अंत्यविधीला बाप अगदी मागं उभा राहिला, दुसऱ्याच कुणाचा मुलगा असल्यासारखा. बस चालवणं त्यानं बंद केलं. झोप तर नाहीच.

“अहो, पडा तरी जरा.”

“सात आया आहेत कुठंतरी,” तो म्हणायचा. “सातही जणींना वाटत असेल, त्या लोकांच्या पोरानं घात केला.”

“अजून काही कळलंय का आपल्याला?”

“मला त्याचं चालवणं माहितीये ना!”

ते तिलाही माहीत होतं.

एका दुपारी खाली गाडी थांबली. आतून कुबड्या घेतलेला एक तरुण उतरला आणि त्याच्यामागं एक बाई. बाप खिडकीत होता.

“आली,” तो म्हणाला. “सातातली पहिली.”

त्यानं दार उघडलं आणि त्यांना तोंड उघडू न देता सुरुवात केली, “चूक माझी आहे. मीच शिकवलं त्याला. काय बोलायचं ते मला बोला, हिला नको.”

बाईनं मुलाकडं पाहिलं. “घर हेच ना रे?”

“हेच. तो सांगायचा, बाबा आधी माफी मागतात, मग कोण आलंय ते बघतात.”

त्यांना आत बसवलं. तरुणानं कुबड्या भिंतीला टेकवल्या.

“माफी कशाची, काका? ट्रक उभा होता.”

“उभा?”

“चढावर. आम्ही जखमी मागं पडलेलो. गोळे पडायला लागले तसे बाकीचे खंदकात गेले. मागं दरी. ह्याचा पाय ब्रेकवर. म्हणाला, मी पाय काढला तर हे सात जण खाली जातील. ओरडून ओरडून माणसं बोलावली, एकेकाला उतरवायला लावलं. मी शेवटचा. मला उतरवलं आणि गोळा पुढच्या बाजूला पडला.”

बाप शेवटी बसचालक होता.

“हँडब्रेक?”

तरुण चुळबुळला.

“खरं सांग.”

“जळला होता. ओढलेलाच ठेवून चालवत आला होता.”

“इंजिन बंद करून गियरमध्ये टाकायची.”

“बॅटरी उतरलेली. बंद केली असती तर परत सुरू झाली नसती.”

“दिवे चालू ठेवले होते कुणी?”

“त्यानंच.”

“चाकाखाली दगड?”

“लावले होते, काका. पण चिखल इतका, की आमच्याआधी दगडच दरीत निघाले.”

बापाला हसू फुटलं. कसलं हसू हे त्यालाच कळेना, पण थांबवता येईना. पोरगा त्याचाच होता, शंकाच नको.

“आणि तुम्ही उतरेपर्यंत गाडी हलली?”

“बोटभरही नाही.”

बाप बायकोकडं वळला आणि आपल्या भाषेत म्हणाला, “ऐकलंस? उभी होती.”

“ऐकलं.”

“ठोकली नाही त्यानं.”

“नाही ठोकली.” तिनं पदरानं डोळे पुसले आणि चहा ठेवायला उठली.

आता पाहुण्यांशी दोन शब्द बोलायला हवेत, पायाची चौकशी करायला हवी, असं बापाला वाटलं. “डॉक्टर काय म्हणतात?” एवढं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत त्याची मान खुर्चीच्या पाठीवर कलली. डोळे मिटले ते मिटलेच.

“झोपले की काय?”

“झोपू द्या,” बायकोचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. मग कपांची किणकिण, आणि हळूच, “ब्रेकवर पाय ठेवून बसला होता तेव्हा काय करत होता रे तो?”

“गाणं म्हणत होता, काकू. फार वाईट.”

“वाईटच म्हणतो तो.”

उठावं, निदान जागं आहोत असं दाखवावं, हे बापाच्या मनात आलं आणि तिथंच राहिलं. कुणीतरी उठून खिडकीकडं गेलं. पावलं बायकोची नव्हती, कुबड्यांची टकटकही नव्हती. पडद्याच्या कड्या सरकल्या, आणि त्याच्या पापण्यांवरचं ऊन गेलं.