मनात येईल ते मोठ्यानं

लाँड्रीचं ते अ‍ॅप वडिलांच्या मापानं शिवलेलं होतं. अक्षरं मोठी, कारण त्यांचा चष्मा नेहमी कुठल्या तरी गिऱ्हाइकाच्या कोटाखाली दबलेला. बटणं डाव्या बाजूला, कारण वडील डावरे. 'रद्द करा'चं बटण कोपऱ्यात, एवढंसं, कारण त्यांचं बोट कुठं जाऊन पडेल याचा नेम नसे. वर्गातल्या इतरांनी आपापली अ‍ॅपं सर्वसामान्य माणसांसाठी बनवली होती. लेकीनं एकाच माणसासाठी बनवलं, आणि तो माणूस गेला.

पदवी उपयोजित संगणकशास्त्राची होती, ऑनलाइन. चाळिशीला टेकलेल्या लेकीनं दवाखान्यातल्या बिलांच्या खिडकीवरची नोकरी सांभाळून तिथं नाव घातलं, तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "उपयोजित म्हणजे काय गं?"

"म्हणजे उपयोगाचं, बाबा."

"बरं झालं सांगितलंस. मला वाटलं, सगळंच उपयोगाचं शिकवतात."

चिडवायला ते कधी चुकले नाहीत, पण पाठीमागची खोली त्यांनीच रिकामी करून दिली. न नेलेले पडदे आणि गाद्यांच्या खोळी एका बाजूला सरकवून टेबल लावलं. कामावरून सुटली की लेक तिथं येऊन तासाला बसायची. पलीकडे इस्त्रीकाका वाफेची इस्त्री चालवत. हे काका काही नात्यातले नव्हते. दुकानाइतकेच जुने, म्हणून काका. वडील त्यांना हळूच दटावत, "वाफ जरा बेतानं सोड रे, वर्ग चालू आहे." तरी एकदा संगणकाच्या पडद्यावरच्या शिक्षकांनी विचारलंच, तुमच्याकडे पाऊस चालू आहे का. वडिलांनी तो किस्सा येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवला.

एकेक विषय सुटत गेला आणि शेवटी एक प्रकल्प उरला. त्याची अट अशी, की बनवलेलं अ‍ॅप खऱ्या माणसानं, खऱ्या कामासाठी, कॅमेऱ्यासमोर वापरून दाखवायचं. परीक्षक दुरून बघणार. नियम दोनच. वापरणाऱ्यानं मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहायचं, म्हणजे तो कुठं अडतो ते कळतं. आणि ज्यानं अ‍ॅप बनवलं त्यानं मागं बसून तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

तालमी सुरू झाल्या. वडिलांना पहिला नियम सांगावाच लागला नाही. लेकीला दुसरा कधी पाळता आला नाही.

"बाबा, खाली. खाली बघा ना."

"तू गप. परीक्षा तुझी आहे. मी फक्त चुका करायला आलोय."

सगळ्यात मोठं भांडण तारखेवरून. कपडा नोंदवला की अ‍ॅप विचारायचं, 'केव्हा नेणार?' वडील ती जागा खुशाल रिकामी सोडत.

"तारीख टाका हो."

"गिऱ्हाइकालाच ठाऊक नाही, मी कुठून टाकू? येतील तेव्हा येतील. कपडा म्हणजे काय दूध आहे नासायला?"

मग ते आजारी पडले, आणि आजारी आहेत म्हणेपर्यंत गेलेही. त्यानंतरच्या बधिर दिवसांत कधीतरी परीक्षकबाईंचा शेरा आला. प्रकल्प चांगला आहे, पण तारीख रिकामी राहू शकते हा दोष आहे. ती सक्तीची करावी. लेकीनं केली. एका ओळीचं काम. वडील असते तर त्या ओळीसाठी त्यांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. भांडायला कुणी नव्हतं, म्हणून ती ओळ मुकाट जागेवर बसली.

गल्ल्यावर आता आई बसू लागली. घरात काय किंवा दुकानात काय, आई वडिलांबद्दल चकार शब्द काढत नसे. रडली ती पहिल्या दिवशी, तीही दार लावून. लेकीला फार काही नको होतं. कुणीतरी त्यांचं नाव घ्यावं, त्यांच्या एखाद्या खोडीवर वैतागावं, एवढंच. "बाबा असते तर आज—" असं ती मुद्दाम सुरू करून बघे.

"मागचं दार लावलंस का?" आई म्हणे.

दार लावलेलं असे. तरी लेक उठून बघून येई.

आणखी एक गोष्ट तिला सलत होती. वडील ज्या कोटात दवाखान्यात गेले, तो तपकिरी कोट कुठंच दिसत नव्हता. कपाटात नाही, खुंटीवर नाही. आईनं देऊन टाकला असावा. विचारायला जीभ रेटली नाही.

प्रात्यक्षिकाची तारीख जवळ आली. या सत्रात ते झालं नाही तर प्रकल्प बाद, नवा विषय, पुन्हा पहिल्यापासून. लेकीनं आधी इस्त्रीकाकांना गळ घातली.

"मला नको बाई. कुणी फोटो काढायला लागलं तरी मला घाम फुटतो. आणि हे तर हलतं चित्र!"

"मग सोडूनच देते," लेक आईला म्हणाली. "एवढी वर्षं पदवीवाचून अडलं नाही."

आई सुटे पैसे लावत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बसते की."

"तुला कुठं येतं?"

"त्यांना तरी कुठं येत होतं?"

आईनं पैशांची चळत गल्ल्यात सरकवली आणि तो बंद केला.

त्या सकाळी दुकान उघडण्याआधी तिघं जमली. एखादा खरा कपडा आण, असं लेकीनं सांगून ठेवलं होतं. आईनं कापडी पिशवीतून काहीतरी आणलं होतं. पडद्यावर परीक्षकबाई दिसल्या. वयानं लहानच, हातात चहाचा मग.

"मनात येईल ते सगळं मोठ्यानं बोला हं, काकू. चूक-बरोबर असं काही नाही."

"सगळं?"

"सगळं."

"बघा हं, नंतर म्हणाल," आई म्हणाली आणि पदर खोचल्यासारखी पुढं सरकून बसली.

लेक मागच्या स्टुलावर, हात मांड्यांखाली दाबून.

"नवीन कपडा. हेच असेल. केवढाली अक्षरं ही, दुकानाच्या पाटीसारखी! बरोबर आहे, त्यांना दिसायचं नाही. चष्मा लावा म्हटलं की म्हणायचे, लावला की तू म्हातारी दिसतेस." इस्त्रीकाका खाकरले. "आणि सगळी बटणं डावीकडे कशाला कोंबलीत? माझा हात उलटा... अगं बाई. हो. डावरे ना ते. जेवताना कोपर लागायचं माझ्या कोपराला. पुढं काय? कपड्याचा प्रकार."

आईनं पिशवीतून तपकिरी कोट काढला आणि काउंटरवर पसरला.

लेकीचे हात मांड्यांखालून निघाले. तिनं ते परत दाबून ठेवले.

"कोट. रंग, तपकिरी. होता एके काळी. डाग आहेत का, विचारतंय. आहेत बाबा. कॉलरला तेल. जन्मभर लोकांचे डाग काढले आणि स्वतःची कॉलर ही अशी. त्या दिवशीही म्हटलं, दुसरा घाला, चांगला. तर म्हणाले, मी काय लग्नाला चाललोय?" बोट पडद्यावर तसंच थांबलं. "तिथं आत नेताना काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, धर, आलोच. मी धरून बसले. नर्स म्हणाली, ठेवा खाली. मी नाही ठेवला. आलोच म्हणाले होते ना."

पलीकडे वाफेचा आवाज बंद झाला होता. परीक्षकबाईंनी चहाचा मग खाली ठेवला.

"गिऱ्हाइकाचं नाव. नाव काय घालू आता? मी कधी नावानं हाक मारली नाही." आईनं एका बोटानं शोधून शोधून लिहिलं: 'हे'. अ‍ॅपनं ते घेतलं. "घेतलं की! हुशार आहे."

लेकीनं हसू ओठांत दाबलं.

"केव्हा नेणार?" आईनं वाचलं. जागा रिकामी ठेवून तिनं 'पुढे' दाबलं. तांबडी अक्षरं उमटली. "तारीख टाकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही." तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तीच अक्षरं.

"तारीख टाका म्हणतंय." आई वळली. लेकीकडे बघून म्हणाली, "कुठली टाकू गं?"

कुठलीही टाक, नंतर बदलता येते, एवढं सांगितलं की काम पुढं सरकलं असतं, आणि नियमाप्रमाणे परीक्षा संपली असती. पण लेकीनं कोटाकडे बघितलं आणि नुसती मान हलवली.

आई पुन्हा पडद्याकडे वळली. "मग नाही जायचं मला पुढं," ती मोठ्यानं, नियमाप्रमाणे म्हणाली. "मी इथंच बसते." आणि कोटाच्या बाहीवर हात ठेवून बसून राहिली.

परीक्षकबाई पुढं झुकल्या. "इथं थांबलात तरी चालेल, काकू." मग लेकीला म्हणाल्या, "चाचणी पूर्ण झाली नाही असं मला लिहावं लागेल. पण ती सक्ती माझ्या सांगण्यावरून आली. तारीख ठाऊक नसलेलं माणूस काउंटरवर येईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. ती काढा. सत्र संपायच्या आत पुन्हा घेऊ या. शक्यतो काकूच असू देत."

"माझे वडील ती जागा रिकामीच सोडायचे," लेक म्हणाली. बोलायची परवानगी मिळाल्यावर तिच्या तोंडून आधी हेच निघालं.

पडदा मिटला. आईनं तोंडावरून पदर फिरवला.

"नापास केलं ना मी तुला?"

"नाही गं. पुन्हा घेणार आहेत."

"सगळं? पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"आणि बोलायचं पण? असंच, मोठ्यानं?"

"हो," लेक म्हणाली. "नियमच आहे तो."

आईनं क्षणभर विचार केला. मग कोट उचलला, झटकला, हँगरवर चढवून खांदे सारखे केले. इस्त्रीकाका सवयीनं हात पुढं करून आले होते. तिनं हँगर मागं घेतला.

"हा आज धुवायला टाकायचा नाही," ती म्हणाली. "परीक्षेला लागणार आहे."