कोबीचा रस आणि सोमवार

माझ्या नणंदेला आमच्या घरात सगळे भिंगबाई म्हणतात. ती प्रयोगशाळेत कोबीतल्या एका द्रव्यावर काम करते. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी त्याने मरतात, हे तिने जेवताना आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं, की माझा नवरा कोबीची भाजी पुढे सरकवताना “औषध घ्या” म्हणायचा.

त्यामुळे माझ्याच स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली आणि डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनला सोमवार दिला, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, “ऑपरेशन पुढे ढकलते. आधी तीन महिने कोबीचा रस घेऊन बघणार.” नवऱ्याने कोबी आणायला म्हणून पिशवी उचलली. भांडण म्हटलं की तो घराबाहेर पडतो. भिंगबाई मात्र तडकली.

“वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“तूच सांगत आलीस की.”

“मी बशीतल्या पेशींबद्दल सांगत होते.”

“मग दाखव तुझ्या बश्या.”

मला हार मानायची नव्हती. त्याहून खरं सांगायचं तर भूल, सुरी आणि नंतरचा आरसा, या तिन्हींची मला भयंकर भीती वाटत होती.

शनिवारी तिच्या प्रयोगशाळेत दुसरं कोणी नव्हतं. तिने हातमोजे चढवले, उथळ, पारदर्शक बश्या काढल्या आणि मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. “हा रंग घातला की मेलेल्या पेशी निळ्या दिसतात,” ती म्हणाली. पहिल्या बशीत औषध घातलेलंच नव्हतं. तिथे पेशी खुशाल दाटीवाटीने पसरल्या होत्या. दुसरीत कोबीतलं द्रव्य होतं आणि जिकडेतिकडे निळे ठिपके. माझा जीव भांड्यात पडला.

“बघ,” मी म्हटलं. “मेल्या.”

तिसऱ्या बशीत तिने कसलंसं पाणी सोडलं, थोडा वेळ थांबून वरून रंग घातला. मी पुन्हा डोळा लावला. इथे तर दुसरीपेक्षाही जास्त निळं होतं.

“हे कुठलं औषध?”

“मीठ. चांगलं खारट पाणी. आता ऑपरेशनऐवजी मीठ खाशील?”

मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

“बशीत आम्ही द्रव्य थेट पेशींवर ओततो, वहिनी. तू प्यायलेल्या रसातलं किती तुझ्या गाठीपर्यंत पोचेल आणि तिथे काय करेल, ते मला अजून माहीत नाही. उद्या त्यातून औषध निघेलही. म्हणून तर इथे राबतेय. पण गाठ तोवर थांबणार नाही.” इतक्या वर्षांचं आपलं काम तिने माझ्यासाठी मिठाच्या शेजारी नेऊन बसवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली आणि तिची फार माया आली.

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, “या पेशी आणता कुठून?”

“एका बाईच्या शरीरातल्या आहेत. तिलाही तुझाच आजार होता. फार वर्षांपूर्वी काढल्या, तेव्हापासून वाढवत आलोय.”

“आणि ती बाई?”

“ती केव्हाच गेली.”

मी पहिल्या बशीत पुन्हा डोकावले. बाई गेली होती आणि तिचा आजार माझ्यासमोर धडधाकट होता.

“सोमवारी कधीपासून उपाशी राहायचं?” मी विचारलं.

“मध्यरात्रीपासून,” भिंगबाई म्हणाली आणि हातमोजे न काढताच माझ्या गळ्यात पडली.