दिलेली वायर

खिडकीतल्या पिठाच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि डब्याचं झाकण किणकिणलं. भर दुपारच्या शांततेत तेवढा आवाजही पुरे होता. कीबोर्डवरचे तिचे हात जागच्या जागी थबकले. तिनं आधी पलंगाकडे पाहिलं. ठमीनं झोपेत कूस बदलली, लाकडी कुत्र्याला पोटाशी ओढलं आणि पुन्हा गाढ झोपली.

साडेतीन वर्षांची ठमी दुपारी दीड तास झोपायची, आणि त्या दीड तासावर तिच्या आईची नोकरी उभी होती. डॉक्टरांनी रुग्णांबद्दल भरभर बोलून ठेवलेलं कानाला लावून ऐकायचं, टाइप करायचं आणि तीनच्या आत पाठवायचं. पाठवायचं सॉफ्टवेअर फक्त लॅपटॉपवर चालायचं, आणि घरात नेट म्हणाल तर एवढा फोन. फोनचं हॉटस्पॉट लावायचं, लॅपटॉप त्यावर चालवायचा. नेटची रेंज फक्त पिठाच्या डब्यावर येते, हा शोध तिनं ठमीला कडेवर घेऊन घरभर फिरून लावला होता.

तिनं मेसेज वाचला. ‘आपल्या प्लॅनवर हॉटस्पॉटची सेवा बंद करण्यात आली आहे. हॉटस्पॉट पॅक घ्या आणि आनंद लुटा!’

“लुटा म्हणे,” ती पुटपुटली. “लुटताय तुम्ही, मेल्यांनो.”

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. मागच्या आठवड्यात ठमीच्या तापापायी एक फाईल राहिली, तेव्हा वरच्या मॅडमनी तोंडावर सांगितलं होतं, पुन्हा उशीर झाला तर काम दुसरीकडे जाईल. तिनं फोन आणि लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात नेले, दार लोटलं आणि कंपनीला फोन लावला. सहा वेळा बटणं दाबल्यावर एक माणूस लाभला.

“नमस्कार मॅडम, आपला दिवस कसा चाललाय?”

“चालला होता. तुम्ही थांबवलात,” ती कुजबुजली. “रोजचा दोन जीबी डेटा मी घेतलाय ना?”

“हो मॅडम.”

“त्यातला अर्धासुद्धा मी वापरत नाही. मग तो फोनवर वापरला काय नि लॅपटॉपवर वापरला काय, तुमचं काय जातं?”

“मॅडम, हॉटस्पॉट ही वेगळी सुविधा आहे.”

“दूध विकलंत ना मला? मग आता पेल्यातून पिणार की वाटीतून, याचे वेगळे पैसे?”

“मॅडम, दुधाची माहिती आमच्याकडे नाही.”

तिला ओरडायचं होतं. पण दाराच्या पलीकडे ठमी झोपली होती, म्हणून सगळा संताप तिला कुजबुजीतच बसवावा लागत होता. त्यानं तो आणखीच फुगत होता, झाकण दाबून धरलेल्या उकळीसारखा.

“बरं, द्या तो पॅक. आत्ता चालू करा.”

“नक्की मॅडम. चोवीस तासांत सुरू होईल.”

“आणि बंद करायला किती तास लागले हो तुम्हाला?”

“आणखी काही मदत करू शकतो का, मॅडम?”

तिनं फोन कापला आणि थोरल्या भावाला लावला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि जगातल्या प्रत्येक कुलपाची किल्ली आपल्या खिशात आहे असा त्याचा समज होता.

“दादा, हॉटस्पॉट बंद पाडलं रे त्यांनी.”

“अगं, मग वायरीनं जोड की! वायफाय अडवतात ते, वायरीकडे अजून लक्ष नाही गेलं त्यांचं. पैसा लागत नाही.”

“चार्जरची लावून पाहते... नाही रे, काही दिसत नाही लॅपटॉपवर.”

“ती रस्त्यावरची असणार, नुसतं चार्जिंग करणारी. फोनच्या खोक्यातली जाड पांढरी वायर लाव.”

“ती होय...” तिनं दाराकडे पाहिलं.

“हरवलीस ना? वाटलंच मला, वेंधळी कुठली.”

“हरवली नाही,” ती म्हणाली आणि हळूच दार उघडून पलंगाकडे पाहिलं.

ती जाड पांढरी वायर लाकडी कुत्र्याच्या गळ्यात होती. टोक सैल झालं, चार्जिंग नीट होईना, म्हणून तिनंच ती कुत्र्याला बांधून दिली होती, चांगली निरगाठ मारून. “ही आता तुझी हं, ठमाबाई. कुणी मागितली तरी द्यायची नाही.” तेव्हापासून ठमी कुत्र्याला घरभर फिरवायची, आणि झोपताना वायरीचा दुसरा शेंडा मुठीला गुंडाळून घ्यायची, कुत्रा पळून जाऊ नये म्हणून.

ती पलंगाशी गुडघ्यांवर बसली. आधी निरगाठ. नखं मोडली, पण गाठ सुटली. मग मूठ. करंगळी उचलली, मग तिच्या शेजारचं बोट. ठमीचा तळहात घामानं ओलसर, कोमट होता. ती मूठ उघडताना तिला त्या कंपनीचा एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पोरीच्या हातातून काढायला लावलंत मला. निजलेल्या पोरीच्या हातातून!

वायर जोडली. टोक एका विशिष्ट कोनात दाबून धरलं तरच नेट येत होतं. मग तिनं फोन डब्यावर आणि लॅपटॉप खिडकीत ठेवला, डाव्या अंगठ्यानं टोक दाबून धरलं आणि उरलेलं पान उभ्यानं एका हातानं टाइप केलं. तीनला सहा मिनिटं असताना फाईल निघाली. चाळीस टक्के. सत्तर. अंगठ्याला मुंग्या आल्या. तीनला दोन मिनिटं असताना पडद्यावर उमटलं, ‘मिळाली.’

“घ्या!” ती अखेर मोठ्यानं म्हणाली. “एकदा दिलेलं काढून घेतात! लाज नाही वाटत मेल्यांना!”

मागे पलंग करकरला. ठमी उठून बसली होती, केस विस्कटलेले, मोकळा कुत्रा काखेत. तिनं आधी आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग आईच्या अंगठ्याखालच्या वायरीकडे.

“आई, तू म्हणाली होतीस, कुणी मागितली तरी द्यायची नाही. मी दिलीच नाही. मग तुझ्याकडे कशी आली?”